दोघी बहिणी, दोन मंदिरे



 मध्ययुगीन राण्यांवरची परिषद वेरूळला कशी, असे अनेकांनी विचारले. याचे उत्तर कर्नाटकातल्या पट्टदकलला आहे.

बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य. त्याने हैहय घराण्यातल्या दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केले. थोरली लोकमहादेवी, धाकटी त्रैलोक्यमहादेवी. हैहय म्हणजे नर्मदाकाठचे कलचुरी. विक्रमादित्याचा आजोबा विनयादित्य याच्या लेखांत त्यांचे नाव नमवलेल्यांच्या यादीत येते. ज्यांना आजोबाने वाकवले, त्यांच्याच घरच्या लेकी नातवाने राण्या म्हणून आणल्या. हा सोयरिकीचा राजकारणी व्यवहार होता, असेच मला वाटते. त्यात मुलींचे मत कोणी घेतले असेल, यावर माझा विश्वास नाही.

पण सासरी आल्यावर थोरलीने जे केले, ते दगडात वाचता येते. पतीने कांची जिंकली, त्या विजयाप्रीत्यर्थ तिने पट्टदकलला मलप्रभेकाठी लोकेश्वर मंदिर उभारले. तेच आजचे विरूपाक्ष. धाकटीने शेजारीच त्रैलोकेश्वर बांधले, त्याला आज मल्लिकार्जुन म्हणतात. विरूपाक्षाच्या पूर्वेच्या दारावरचा जुना कन्नड लेख मी एका जाणत्याकडून अक्षर अक्षर लावून घेतला. सासऱ्याने, विजयादित्याने, गवयांना दिलेले हक्क लोकमहादेवीने कायम केले, असे तो लेख सांगतो. गवयांना दिलेला शब्द या सुनेने पाळला! मला त्या ओळीपुढून हलवेना. मंदिर रचणाऱ्या सूत्रधाराचा सन्मानही तिथे कोरलेला आहे.

त्रैलोक्यमहादेवीचा मुलगा दुसरा कीर्तिवर्मन हा बदामीचा शेवटचा राजा ठरला. राष्ट्रकूट दंतिदुर्गाने त्याची सत्ता मोडली. दंतिदुर्गाचा चुलता पहिला कृष्ण याच्या काळात इथे वेरूळला कैलास लेणे कोरले गेले. समोर प्रवेशद्वार, मग सुटा नंदीमंडप, मग मंडप आणि गाभारा, भोवती प्राकार. राज्य घेणाऱ्यांनी थोरल्या राणीच्या मंदिराची मांडणीही उचलली.

उद्या सकाळी आपण हेच कैलास, लेणे क्र. 16, पाहायला जाणार आहोत. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराचा आराखडा प्रत्येकाच्या पिशवीत ठेवला आहे. तो हातात धरून नंदीमंडपापासून एकेक भाग जुळवत चला. आल्यावर पंगतीला गरम भाकरी आणि पिठले तयार असेल. या, आपले स्वागत आहे.