पेरणीआधी कळू द्या



समस्त वऱ्हाडाच्या वतीनं मी आपलं अकोल्यात मनापासून स्वागत करतो.

शेतमालाच्या बाजाराचं धोरण ठरवायला बसायचं, तर वऱ्हाडाइतकी योग्य जागा नाही. इथून जवळच, कारंजा लाडला, 1886 साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. तो करणाऱ्यांना काळजी होती ती मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगली रुई मिळण्याची. शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, हा प्रश्न दिल्लीत हक्कानं मांडला तो आमच्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषिमंत्री होते आणि 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला. त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ याच शहरात आहे.

आज त्या प्रश्नाचं रूप पाहा. कापूस एकच, पण त्याचे धनी चार. हमीभाव कृषी खात्याच्या वाटेनं ठरतो. खरेदी करणारं कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली. आयातशुल्क अर्थ मंत्रालयाकडे. बाजार समिती राज्याच्या कायद्यावर चालते.

2025 च्या मे महिन्यात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. त्या भरवशावर लोकांनी सरकी लावली. ऑगस्टच्या 19 तारखेला, पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना, 11 टक्के आयातशुल्क माफ झालं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे इकडे सीतादहीची पूजा करून पहिला वेचा घरात येत होता आणि तिकडे बंदरावर बिनशुल्काची रुई उतरत होती. अमेरिकेनं 50 टक्के शुल्क लावल्यावर कापड उद्योगाची झालेली अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही. पण ती निवारताना भावावर येणारा दाब कोण सोसणार, याचा हिशेब त्या निर्णयात कुठे होता?

मग तो कापूस खरेदी केंद्रावर जातो. गाडीतल्या ढिगात हात खोल घालून मूठभर कापूस काढतात, त्यात ओलावा मोजायचं यंत्र दाबतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्याच्या वर गेला की गाडी माघारी. दवात वेचलेला कापूस आणि भाड्याची गाडी असलेल्या माणसाला घरी जाऊन तो वाळवून परत आणणं परवडत नाही. तो जवळच्या जिनावर मिळेल त्या भावानं गाडी रिकामी करतो. कागदावर हमीभाव शाबूत राहतो.

ही ओढाताण जुनीच आहे. 1972 पासून राज्यानं एकाधिकार कापूस खरेदी चालवली, तेव्हाही भाव द्यायचा राज्यानं आणि रुई परदेशी पाठवायची मुभा मागायची केंद्राकडे. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं आज तेच झालं आहे. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेलं आणि संत्री तोडायच्या वेळी व्यापारी हात आखडतो. ती बोलणी ढाक्याशी करायची, अमरावतीत नव्हे. उलट बाजूनं, राज्यांना विश्वासात न घेता आणलेले 2020 चे तीन कृषी कायदे वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घ्यावे लागले, हेही आपण पाहिलं. शेती आणि बाजार राज्यांच्या सूचीत, परदेशी व्यापार केंद्राच्या. दोघांनी एकत्र बसल्याशिवाय शेतकऱ्याला धड उत्तर मिळणार नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी एक मागणी ठेवतो. हमीभाव, आयातशुल्क, निर्यातीचे निर्बंध, साठ्याची मर्यादा आणि खरेदी केंद्रांची यादी, हे सगळं केंद्र आणि राज्यांनी एका बैठकीत ठरवावं आणि मृग लागायच्या आत जाहीर करावं. फेब्रुवारीअखेर माल बाजारात जाईपर्यंत त्याला हात लावू नये. देशहितासाठी बदल करावाच लागला, तर पडलेल्या भावाचा फरक सरकारनं शेतकऱ्याच्या खात्यात भरावा. तुरीचंही तसंच, ती परदेशातून किती आणणार हे पेरणीआधी कळलं, तर किती तास तुरीचे घ्यायचे हे शेतकरी स्वतः ठरवेल.

पहिलं सत्र आयातशुल्काचं ठेवलं आहे. त्यात आधी शेतकरी बोलतील, नंतर अधिकारी उत्तर देतील. अधिकारी मित्रांनी ते उत्तर तारखेसह द्यावं, ही स्वागत समितीची कळकळीची विनंती आहे. आता मी उद्घाटकांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.