बाटलीतला इतिहास : १९७४ चा संप, कोका-कोला आणि आपण
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



शीतपेयांच्या धंद्यावर बोलणार आहोत असे कळल्यावर आपल्यातले काही जण हसले. वेतन आयोग आहे, पेन्शनचा प्रश्न आहे, कंत्राटीकरण आहे. हे सगळे सोडून सोडा-लेमनवर कसले भाषण, असे त्यांना वाटले असेल. वाटणे साहजिक आहे. पण या धंद्याचा आपल्या देशातला इतिहास एका ठिकाणी रेल्वे कामगारांच्या इतिहासाला घट्ट बांधलेला आहे. नव्याने भरती झालेल्या पुष्कळ मंडळींना ती गाठ ठाऊक नाही, म्हणून आम्ही हा विषय मुद्दाम घेतला.

८ मे १९७४ रोजी देशभरातला रेल्वे संप सुरू झाला. सतरा लाखांच्या आसपास कामगारांचा तो संप. बोनस हवा होता, सार्वजनिक क्षेत्रातल्या इतर कामगारांच्या बरोबरीने पगार हवा होता, आणि गाडीवरच्या लोको कर्मचाऱ्यांना कामाचे तास ठरवून हवे होते. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना संपाआधीच, २ मे रोजी, अटक झाली होती. संप वीस दिवस चालला आणि दडपला गेला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले, रेल्वे क्वार्टरमधून बायकापोरांना सामानासकट बाहेर काढले गेले. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली. फर्नांडिस भूमिगत झाले, पकडले गेले, बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी झाले आणि १९७७ ची निवडणूक मुजफ्फरपूरमधून तुरुंगात बसून जिंकले.

जनता सरकार आले. रेल्वेमंत्री झाले आपल्या कोकणातून निवडून आलेले मधु दंडवते. संपातल्या बडतर्फ कामगारांना परत घेण्याचे काम त्यांनी केले. फर्नांडिस यांच्याकडे आधी दळणवळण खाते होते, म्हणजे टपालवाले बांधवही काही महिने त्यांच्याच हाताखाली होते. जुलै १९७७ मध्ये ते उद्योगमंत्री झाले. आणि रेल्वे संपाच्या या नेत्याच्या टेबलावर जी फाइल आली ती कोका-कोलाची होती.

आता थोडे मागे जाऊ.

थंड पेयाचा धंदा आपल्याकडे कोका-कोलाने आणला असे समजणे चूक आहे. गोळीची सोडावाटर तुम्ही सर्वांनी प्यायली असेल. मानेत काचेची गोळी अडकवलेली ती बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७२ च्या सुमारास काढली. गॅसच्या दाबानेच गोळी वर चढून तोंड बंद करते, बुचाचा खर्च नाही. पुण्यात आर्देशीर यांचा कारखाना १८८४ चा, मुंबईत ड्यूक्स १८८९ चा. रास्पबेरी, जिंजर, लेमनेड हे पारशी कारखानदारांचे राज्य होते. विलेपार्ल्यात १९२९ साली चॉकलेट-गोळ्यांपासून सुरू झालेल्या चौहान घराण्याच्या पार्ले कंपनीने पुढे गोल्ड स्पॉट बाजारात आणले. एका लोकल स्टेशनचे नाव देशभर पोहोचले ते या मंडळींमुळे. कोका-कोला १९५० च्या सुमारास आला, म्हणजे सोडा पिणारे गिऱ्हाईक तयार झाल्यावर आला.

मग त्याने नवीन काय आणले? चव म्हणाल तर ती सवयीची गोष्ट आहे. नवीन होती ती धंद्याची रचना, आणि कामगाराने समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

बाटलीत असते काय? पाणी, साखर, कार्बन डायऑक्साइड गॅस आणि अगदी थोडा अर्क. पाणी इथले, साखर इथली, बाटली इथली. ती धुणारा, भरणारा, क्रेट उचलणारा, ट्रक चालवणारा, सगळे इथले. कंपनी विकत होती तो फक्त अर्क. बाटल्या भरण्याचा कारखाना दुसऱ्याचा, त्याला परवाना दिलेला. दिल्लीत प्युअर ड्रिंक्स नावाच्या कंपनीकडे तो होता. कारखाना, यंत्रे, मजूर, फुटलेल्या बाटल्या, संप, टाळेबंदी, ही सगळी जोखीम परवानेवाल्याची. अर्काचा नफा मात्र मूळ कंपनीचा. आज आपण आउटसोर्सिंग म्हणतो ना, त्याचा नमुना या धंद्याने फार आधी घालून दिला होता. फलाटावर बाटलीवर नाव एकाचे आणि मजुरी देणारा दुसराच, हे आपल्याला आता स्टेशनवरच्या सफाईपासून पार्सलच्या हमालीपर्यंत रोज दिसते.

१९७३ साली परकीय चलन नियमन कायदा झाला, ज्याला सगळे फेरा म्हणत. परकीय कंपनीने इथल्या धंद्यातला आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा, असे त्यात होते. कायदा इंदिरा गांधींच्या सरकारचा. अंमल लावला जनता सरकारने. फर्नांडिस यांनी कंपनीला सांगितले की भांडवलातला वाटा कमी करा आणि अर्क बनवण्याचे तंत्र भारतीय कंपनीच्या हाती द्या. कंपनी म्हणाली, वाट्याचे बोलू, पण कृती गुप्त आहे, ती देणार नाही. सरकार अडून राहिले, कंपनीने गाशा गुंडाळला. आयबीएमही त्याच काळात गेली.

हे सांगताना आमची मान थोडी ताठ होते हे कबूल करतो. वर्षभरापूर्वी ज्याला देशद्रोही ठरवून बेड्या घातल्या होत्या, तो कामगार पुढारी जगातल्या एका मोठ्या कंपनीला कायदा पाळायला सांगतो आहे, हे चित्र लहान नव्हते. पण टाळ्या वाजवून थांबलो तर अभ्यासवर्ग कशाला? बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचे काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. अर्क बंद झाला की यंत्र बंद, यंत्र बंद झाले की हजेरी बंद.

त्यावर सरकारने स्वतःचे पेय काढले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कृती तयार केली आणि मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने ते बनवले. नाव ‘डबल सेव्हन’, म्हणजे सत्तरवर सात, सत्तांतराचे वर्ष. आपण ज्या मॉडर्न ब्रेडचे स्लाइस खाल्ले तीच ही कंपनी, १९६५ साली स्थापन झालेली. सरकारने कोला काढावा यावर त्या वेळी चेष्टा पुष्कळ झाली. आम्हाला ती आजही पटत नाही. सरकार घड्याळे बनवू शकते, इंजिने बनवू शकते, पाव भाजू शकते, तर साखरपाण्यात गॅस घालणे त्याला जड का जावे?

पण डबल सेव्हन चालले नाही. जनता सरकार १९७९ ला कोसळले, १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या, आणि मागच्या सरकारच्या वर्षाचे नाव मिरवणाऱ्या पेयाला पुढच्या सरकारात वाली कोण राहणार? नावातच घोळ होता, असे आमचे मत आहे. रिकामा झालेला बाजार खासगी मंडळींनी भरला. पार्लेचे थम्स अप पुढे आले, लिंबाची लिम्का होतीच. कोका-कोलाचा जुना परवानेवाला प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला काढला. त्या काळात आमच्यापैकी जे फलाटावर ड्यूटीला होते त्यांना आठवत असेल : गाडी लागली की विक्रेता डाव्या हातात बाटल्यांची बादली घेऊन खिडक्यांच्या कडेने पळायचा आणि बाटल्यांवरून ओपनर खर्रकन ओढायचा. तो आवाज ऐकूनच मुले बापाच्या खिशाकडे बघायची. गाडी सुटताना रिकाम्या बाटल्या परत घेण्याची धावपळ वेगळी, कारण बाटली गेली तर पैसे विक्रेत्याच्या अंगावर.

यानंतर धंद्याने जे वळण घेतले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. १९९० साली पेप्सी ‘लेहर’ असे देशी नाव पुढे लावून आली. पंजाब ॲग्रो आणि टाटांची व्होल्टास तिच्या भागीदार होत्या. १९९१ चे नवे आर्थिक धोरण आले. १९९३ मध्ये कोका-कोला परतला आणि परत येताच पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. पुढच्या वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेले. म्हणजे सोळा वर्षांत देशी भांडवलाने जो बाजार उभा केला तो एक-दोन सह्यांत हस्तांतरित झाला. गोल्ड स्पॉट तर काही वर्षांत बाजारातूनच नाहीसे झाले. देशी कारखानदार म्हणजे आपला माणूस, अशी भाबडी समजूत काहींची असते. त्यांनी १९९३ हे साल लक्षात ठेवावे. चांगला भाव आला की तो विकतो. तो त्याचा धंदा आहे, आमचा त्यावर राग नाही, पण त्याच्या भरवशावर स्वदेशी उभी करता येत नाही.

आणि सरकारच्या भरवशावर? तेही ऐका. डबल सेव्हन बनवणाऱ्या त्या सरकारी कंपनीचे नाव पुढे मॉडर्न फूड इंडस्ट्रीज झाले. जानेवारी २००० मध्ये तिचे ७४ टक्के भाग हिंदुस्थान लिव्हरला विकण्यात आले. केंद्र सरकारची कंपनी अशा रीतीने मालकीसकट खासगी हाती देण्याचा तो पहिला मोठा व्यवहार. निर्गुंतवणूक हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आला तो तिथून. उरलेला वाटाही पुढे गेला. लिव्हरने २०१६ साली पावाचा तो धंदा एका गुंतवणूक कंपनीच्या हाती दिला, आणि २०२१ मध्ये तो मेक्सिकोच्या बिंबो कंपनीकडे गेला. भट्टीपुढचा कामगार जागचा हलला नाही, पण मालक मात्र चार झाले.

आता जी गोष्ट सांगायची ती आम्हाला सुखाची नाही. जानेवारी २००० मध्ये ही विक्री करणाऱ्या वाजपेयी मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री कोण होते? जॉर्ज फर्नांडिस. ज्या माणसाने कंपनीला देशाबाहेरची वाट दाखवली आणि सरकारी पेय काढले, तो ते पेय बनवणारी सरकारी कंपनी विकली जाताना त्याच मंत्रिमंडळात बसला होता. फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजी वारले. त्यांच्या संपाचे, तुरुंगाचे, कोकण रेल्वेसाठी त्यांनी घेतलेल्या मेहनतीचे ऋण आम्ही नाकारत नाही. १९७४ साली त्यांच्या शब्दावर ज्यांनी नोकरी पणाला लावली ते आमचेच लोक होते, म्हणून तर हे बोलण्याचा हक्क आम्हाला आहे. पुढाऱ्याच्या तसबिरीला हार घालून हा हिशेब मिटत नाही.

बाटलीकडे परत येऊ. काचेची बाटली गेली आणि प्लॅस्टिकची आली, तेव्हा कारखान्यांतले बाटल्या धुण्याचे खाते आटले, रिकामे क्रेट परत आणण्याच्या फेऱ्या आटल्या. हे काम नाहीसे झाले असे म्हणतात. ते नाहीसे झाले नाही. ते रुळांवर आले. आज दोन रुळांमधून बाटल्या वेचणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला विचारा. काचेच्या बाटलीची जबाबदारी कंपनीच्या साखळीवर होती, कारण ती बाटली तिला परत हवी होती. प्लॅस्टिकची कुणालाच नको आहे.

पाण्याचेही तसेच. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचिमडा इथे कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. विहिरी आटल्या, पाणी बिघडले, म्हणून आदिवासी स्त्रिया २००२ पासून कारखान्याच्या दारात बसल्या, पेरुमाट्टी पंचायतीने परवाना नूतन करायला नकार दिला, आणि २००४ च्या मार्चमध्ये कारखाना थांबला. पेयांतल्या कीटकनाशकांची चौकशी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्ष शरद पवार होते. तिचा अहवाल त्याच वर्षी आला आणि तक्रारीत तथ्य आहे असे त्याने म्हटले.

शेवटी आपल्या घरची गोष्ट : रेल नीर. आयआरसीटीसीने दिल्लीत नांगलोईला २००३ साली पहिला कारखाना काढला. अंबरनाथचा २०१४ चा. बाटलीतले पाणी स्टेशनवर एवढे खपत असताना रेल्वेने ते स्वतः बनवावे, ही कल्पना आम्हाला मनापासून आवडते. (टपाल खातेही २०१६ पासून काउंटरवर गंगाजलाच्या बाटल्या विकते, तेव्हा टपालवाल्यांनी आम्ही या धंद्यात नाही असे म्हणू नये.) पण नंतरचे काही कारखाने खासगी भागीदारीत निघाले, आणि २०१९ पासून आयआरसीटीसीचे भाग शेअर बाजारात आहेत. सरकारकडे आता सुमारे ६२ टक्के उरले आहेत. मॉडर्न फूडची हकीकत आम्ही एवढी लांबण लावून सांगितली ती यासाठी.

चहापानाच्या सुट्टीआधी एक काम वाटून घेऊ. प्रत्येक शाखेने आपापल्या स्टेशनवर पुढच्या महिनाभरात चार गोष्टी लिहून काढाव्यात : रेल नीर स्टॉलपर्यंत कोण पोहोचवतो, त्याची मजुरी कोण देतो, किती देतो, आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही. बाटलीवर रेल्वेचे नाव आहे, पण ती उचलणारा माणूस आपल्या सभासद-यादीत नाही. त्याच्याशी बोलताना आधी त्याला चहा पाजा आणि मग वही काढा. उलट केले तर तो ठेकेदाराचा माणूस समजून काही सांगणार नाही. माहिती मध्यवर्ती कार्यालयाकडे साध्या टपालाने पाठवली तरी चालेल.