प्रकाशाचा घाव आणि रेणूचे विघटन

(लोणावळा येथे मावळ तालुक्यातील शिक्षकांसमोर दिलेले भाषण)



वळवण व शिरोता येथील तलावांत साठलेले पावसाचे पाणी घाट उतरून खोपोलीस जाते आणि १९१५ सालापासून तेथे वीज निर्माण होते. मिळणारी शक्ती केवळ पाण्याच्या साठ्यावर नव्हे, तर ते किती वेळात खाली उतरते यावरही अवलंबून असते. आजचा विषय समजण्यास हे सूत्र पुरेसे आहे.

एक ग्रॅम वजन दहा सेंटिमीटर उचलण्यास लागते, तेवढीच ऊर्जा लेसरच्या एका स्पंदात आहे असे समजा. मात्र ती ३० फेम्टोसेकंदांत बाहेर पडते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. तेवढ्या क्षणापुरती त्या स्पंदाची शक्ती सुमारे ३३ हजार मेगावॅट भरते. खोपोली केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे. असे स्पंद प्रबळ करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ साली दाखविली. तिच्यासाठी त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

हा प्रकाश सूक्ष्म बिंदूवर एकवटला, की त्याचे विद्युत्क्षेत्र अणूच्या अंतर्गत क्षेत्राच्या तोडीचे होते. हायड्रोजनच्या रेणूतील दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक निघून गेला, की रेणूचा आयन होतो. उरलेला एकच इलेक्ट्रॉन दोन प्रोटॉनांना कसाबसा बांधून ठेवतो. प्रखर प्रकाश हा बंध सैल करून आयन तोडू शकतो. तो इलेक्ट्रॉनही निघाला, तर दोन्ही प्रोटॉन परस्परांना दूर लोटतात. यालाच कूलोम स्फोट म्हणतात. तुकड्यांच्या वेगांवरून रेणूतील अणूंच्या मूळ अंतराचे अनुमान करता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रखर लेसर क्षेत्रातील रेणूंचा असा अभ्यास केला आहे.

“याचा उपयोग काय?” असे विद्यार्थी विचारतील. फेम्टोसेकंद लेसर आज नेत्रशस्त्रक्रियेत वापरला जातो, हे त्यांना अवश्य सांगावे. परंतु प्रत्येक प्रयोगाचे फळ हाती येईलच, असे आश्वासन देऊ नये. निसर्गाचे ज्ञान हेही फळच आहे.

वर्गात लोकरीवर घासलेले दोन फुगे शेजारी टांगून पाहा. ते एकमेकांपासून दूर सरतील. फुटणाऱ्या रेणूतही हेच अपसारण कार्य करते. मावळातील एखादा विद्यार्थी हा प्रयोग पाहून पुढचा प्रश्न विचारील. त्या प्रश्नास आपल्या वर्गात जागा असावी, एवढीच विनंती.