आइस्क्रीमची पुस्तके आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे माझे इंग्रजी अवघे तीन वर्षांचे. तरी मंडळाने मला मुलांच्या पुस्तकांवर बोलावयास सांगितले, कारण दुपारी आमच्या ओट्यावर आळीतली पाच-सहा मुले चित्रांची पुस्तके पाहावयास जमतात.

आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात, "पुस्तके इंग्रजी, आम्ही काय वाचून दाखवणार?" शाळेतूनही कधी ऐकावे लागते की आईला जमत नसेल तर शिकवणी लावा. बाई बिचारी गप्प बसते आणि मुलाशेजारी बसणेच सोडून देते. मला हे फार लागते. म्हणून मी आज आइस्क्रीमची पुस्तके घेतली आहेत. आइस्क्रीम म्हणजे काय हे कुठल्याच मुलाला समजावून सांगावे लागत नाही!

मो विलेम्स ह्या अमेरिकन लेखकाचे २०११ सालचे एक पुस्तक आहे. जेराल्ड नावाचा हत्ती आइस्क्रीम घेतो. आता पिगी ह्या आपल्या मैत्रिणीला त्यातले द्यावे की न द्यावे? तिला हे आवडतच नसेल. आणि माझ्याकडे आहे हे तिला कुठे ठाऊक आहे! असा विचार करता करता आइस्क्रीम वितळून जाते. मग पिगीच आपले आइस्क्रीम घेऊन येते आणि त्यातले त्याला देते. पानावर शब्द मोजकेच. हत्तीचे बोलणे करड्या फुग्यात, पिगीचे गुलाबी; त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही कोण बोलते ते सांगते. हत्ती विचारात पडला की आमच्या ओट्यावर एकच गलका, "अरे, वितळेल ना!" लाडू मुठीत लपवून बसलेले मूल आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. त्याला हत्तीचे मन कळते.

केविन हेंक्स ह्यांची वेंबर्ली ही काळजीखोर उंदरीण. तिला चांदणीच्या आकाराचे आइस्क्रीम मिळते, पण बाहुलीला नाही. म्हणून ती चांदणी वितळू देते आणि दोघी वाटीत घेऊन बसतात. वितळण्याचेही भले करता येते, हे मला फार आवडले. एरिक कार्ल ह्यांचा १९६९ सालचा खादाड सुरवंट तर शनिवारी आइस्क्रीमच्या कोनासह दहा जिन्नस फस्त करतो आणि रात्री पोट धरून बसतो. त्याने पाडलेल्या भोकांत मुले बोटे घालतात, वार आणि आकडे आपोआप पाठ होतात.

मी आधी चित्रे दाखवून गोष्ट मराठीत सांगते. "आता काय होईल?" असे विचारते. मग एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवते. अडले तर मोठ्या मुलाला विचारावे, त्यात कमीपणा कसला?

मराठी पुस्तके हवी असतील तर प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर ती मोबाइलवर फुकट मिळतात. शिवाय आपल्या आइस्क्रीमच्या पॉटची गोष्ट आपणच वहीत चितारावी. लाकडी बादली, बर्फ, खडेमीठ. मिठामुळे बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली गार होते आणि दूध गोठते. हात दुखेपर्यंत दांडा फिरवणारा काका त्यात हवाच!

मंडळाच्या कपाटात लोणच्याच्या बरण्यांखालचा खण रिकामा आहे. तो मुलांच्या पुस्तकांना द्यावा, एवढी विनंती करते. किल्ली मी सांभाळीन.