घड्याळ पाय मोजतं, डोकं नाही

क्रीडा प्रबोधिनीची प्रवेश चाचणी. यवतमाळच्या मैदानावर शिट्टी वाजते न् पोरं पळतात. ३० मीटर, ८०० मीटर, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक. मला हे पटतं, कारण गावात कोच नसलेल्या पोरालाही इथं मार्क मिळतात.

पण समोरचा पास कुठं देणार, हे ओळखणारी नजर यात कुठं मोजली जाते? अमेरिकन फुटबॉलच्या चाचणीत २००० साली टॉम ब्रॅडीला ४० यार्डांना ५.२८ सेकंद लागले. म्हणजे चक्क हळू! निवडीत नंबर १९९ वा. पुढं सात सुपर बोल जिंकला गडी.

म्हणून भावा, मार्क कमी पडले तर फुटबॉल सोडू नको. प्रबोधिनीत कौशल्य चाचणीचाही रस्ता आहे. तिथं मात्र स्पर्धांमधली कामगिरी विचारतात, सर्टिफिकेटं जपून ठेव.