कृत्रिम रोहिणीचा जंतुदोष



हृदयातून निघणारी महारोहिणी फुगून फाटण्याच्या बेतात आली, की तेवढा भाग कापून त्या जागी कृत्रिम नळी शिवितात. ही नळी डेक्रॉनची असते. एके काळी आपण हौसेने घातलेले टेरिलीनचे सदरे याच जातीच्या धाग्याचे. ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डीबेकी यांनी १९५० नंतरच्या दशकात अशा प्रारंभीच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. शिवण त्यांना मातेने शिकविले होते.

परंतु कापड ते कापडच. जिवंत मांसात रक्तावाटे औषध पोचते, तसे निर्जीव धाग्यांत पोचत नाही. तेथे जंतू बसला की स्वतःभोवती चिकट कवच निर्माण करतो. म्हणून केवळ गोळ्यांवर भागत नाही. शिरेतून कित्येक आठवडे औषध द्यावे लागते, आणि प्रकृतीस झेपत असेल तर छाती पुन्हा उघडून, दूषित भाग काढून, मृत दात्याची रोहिणी किंवा गुरांच्या हृदयावरणाची नळी बसवितात. (हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडली, पण येथे प्रश्न प्राणाचा आहे.) नळी काढणे अशक्य असल्यास ती धुऊन, पोटातील मेदाचा पडदा देठासह वर आणून तिच्याभोवती गुंडाळतात, त्याच्याबरोबर तेथे ताजे रक्त येते. हे सर्व करूनही दगावणारे थोडे नाहीत.

एवढ्याचसाठी आरंभीच्या तापास महत्त्व आहे. तो शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही येतो. बारीक असतो, सोबत घाम आणि अशक्तपणा. आपल्या घरांतून अशा वेळी काय होते? मागल्या दुखण्यातील उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कपाटातून निघतात. ताप दोन दिवस उतरतो, रक्तात जंतू सापडेनासा होतो, आणि नळीत मात्र तो सुखाने नांदतो! मग नेमके कोणते औषध द्यावे, हे वैद्यास कळावे कसे?

यास्तव पहिली गोळी घेण्यापूर्वी निरनिराळ्या शिरांतून दोन-तीन वेळा रक्त काढून त्याचे कल्चर करवावे. रोगी अत्यवस्थ असेल तर मात्र त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे रक्त घेऊन लागलीच औषध सुरू करतात. शस्त्रक्रियेचा कागद घरात सर्वांना ठाऊक अशा जागी असावा, आणि तापासाठी नव्या डॉक्टरांकडे गेल्यास, छातीत कापडी नळी आहे, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावे.