गौहरजानचीं तीन मिनिटें

जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्या एखाद्या गृहस्थाकडे गौहरजानची ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा योग आला, तर शेवटपर्यंत थांबावें. गाणें संपतां संपतां ही बाई मोठ्या ठसक्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगते. पुष्कळांना ही मिजास वाटते. वस्तुतः ती कारखान्याची सोय होती. मुद्रित झालेलीं मेणाचीं मूळ तबकडीं त्या काळीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवीत. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें व चिठ्ठीवर बरोबर नांव पडावें, एवढाच हेतु.

हें मुद्रण १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास झालें. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आले होते. विजेच्या ध्वनिमुद्रणास अद्याप वीस वर्षांहून अधिक अवकाश होता. गाणारानें कर्ण्याशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें, त्या कंपानें सुई मेणावर रेघ कोरी, आणि अवघ्या तीन मिनिटांत कारभार आटोपे! रात्र रात्र बैठक रंगविणाऱ्यांना हें कसें मानवावें? कित्येक नामांकित उस्तादांनीं पाठच फिरविली.

गौहरजान तेव्हां एकोणतीस वर्षांची. जन्म आझमगडचा, वडील अर्मेनियन वंशाचे, पाळण्यांतलें नांव अँजेलिना. आई मलकाजान स्वतः नांवाजलेली गायिका. काशी व पुढें कलकत्ता येथें तालीम झालेली. मुद्रणास येतांना दर खेपेस नवा पोशाख, नवे दागिने. गैसबर्गसाहेब थक्क होत. पण मला नवल वाटतें तें दागिन्यांचें नव्हे. आलापाची नुसती चाहूल, लगेच बंदिशीचें मुख, दोनचार दाणेदार ताना, आणि घड्याळ संपण्यापूर्वीं नांव, हा हिशेब तिनें कोणाच्या शिकवणीवांचून बसविला. पुढच्या गवयांनीं तोच गिरविला.

मैफल धनिकांची होती. तबकडी बाजारांत गेली. आगपेट्यांवर तिचें चित्र झळकलें. १९११ सालच्या दिल्ली दरबारांत अलाहाबादच्या जानकीबाईंसह ती गाइली. शेवटीं म्हैसूर दरबाराच्या आश्रयास राहून १९३० च्या जानेवारींत ती तेथेंच वारली.

तिनें शेंकडों गाणीं मुद्रित केलीं, तीं आजही ऐकावयास मिळतात. परंतु मध्यरात्रीनंतर, घड्याळाकडे न पाहतां, ती जी ठुमरी गात असे, ती धरून ठेवणारें यंत्र तेव्हां नव्हतें.